स्वयंपाकघराकडची खुर्ची

माझं माहेर माहीमचं. मुंबईचं माहीम नाय, आमचं केळव्याजवळचं, पालघर तालुक्यातलं. नाव सांगितलं की लोक आधी मुंबईच धरतात, म्हणून मी आधीच सांगून टाकते. बाप दुसऱ्याच्या वाडीत पानवेली राखायचा, आई पानं खुडायची, आमी पाच भावंडं, आणि घरात खुर्ची म्हणाल तर एकच, ती पण ओटीवर आल्यागेल्यासाठी. जेवायला बापाला तेवढा पाट, आमी सगळी गोणपाट अंथरून ओळीनं. तर असल्या घरातली मी रंजना, आणि तुमी मला आल्याआल्या विचारताय की मावशी, जेवणाच्या टेबलाच्या ह्या खुर्च्या अशा एकीला एक न जुळणाऱ्या कशा काय, मला हसू आलं बघा. सांगते, पण त्याला पार मागून यावं लागेल, कंटाळू नका.

लगीन करून मी कुंभवलीला आले. पहिला नवरा कारखान्यात माल चढवायचा उतरवायचा. स्वभावानं गरीब माणूस, पगार झाला की निलेशला, म्हणजे आमच्या मुलाला, काहीतरी आणायचाच. एकदा काय आणावं, तर लोखंडी घडीची खुर्ची, बाजारातून डोक्यावर घेऊन चालत आला. मी बोलले अहो पोरगा सहा वर्सांचा, त्याला खुर्ची कशाला, तर बोलला अभ्यासाला, माझा मुलगा जमिनीवर बसून लिहिणार नाय. पुढल्याच वर्सी काविळीनं गेला. मी तवा एकोणतीस वर्सांची. निलेश त्या खुर्चीवर बसून दहावी झाला, बारावी झाला, पाय आधी लोंबायचे मंग जमिनीला टेकायला लागले, ते मी रोज बघितलंय.

मी कारखान्याच्या कॅन्टीनला लागले ती बावीस वर्सं. सगळे मला मावशी बोलायचे, साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत, कॅन्टीनची मावशी. आणि काय सांगू तुमाला, बसण्याचं जे काय मला कळतं ना ते तिथं कळलं. एकदा नवीन बाकं आली, उंच, तर माणसं अर्धं जेवून उठायला लागली. सुपरवायझर बोलला भाजी बिघडलीय, मी बोलले भाजी नाय बिघडली, बाकं बिघडलीत, गुडघे टेबलाला लागतात, कापा दोन बोटं. कापली, आणि भात कमी पडायला लागला. माणसाचं कोपर टेबलावर सुखानं टेकलं की तो एक चपाती जास्त खातो, हे माझं शास्त्र. आणि मी स्वतः कुठं जेवायची, तर भांडी घासायच्या मोरीपाशी, उभ्यानं, ताट हातात धरून. कोनी बसू नको बोललं नव्हतं, पण सवय ती सवय.

आता आमचे हे. हे मूळचे साताऱ्याकडचे, त्याच कारखान्यात बॉयलरवर. बायको गेल्यावर डबा बंद झाला तसे कॅन्टीनला यायला लागले, कोपऱ्यात बसायचे, मान खाली, वाढलं ते खायचे, मागायचे नाय. मी न मागता आमटी वाढायची. अशी तीन वर्सं नुसती आमटीच चालली म्हणा ना. मंग निलेशला वापीला नोकरी लागली, त्याचं लगीन झालं, तो तिकडं गेला, आणि जाताना तोच बोलला आई, मी ह्या वयात तुला एकटी सोडून नाय जाणार, तो आमटीवाला माणूस बरा हाय. मी त्याला लाटणं दाखवलं. पण कुठंतरी आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वैशाखात पालघरला जाऊन रजिस्टर लगीन केलं. ह्यांची एकच मुलगी, अश्विनी, तेवीस वर्सांची, कंपनीच्या लॅबमधे कामाला, शिकलेली, शांत. सहीला आली, पेढा खाल्ला. तिला आधी विचारलं होतं तर बोलली होती, पप्पांना सोबत हवी, माझी काही अडचण नाही. अडचण नाही असं बोलली. चांगलं झालं असं नाय बोलली. तो फरक मला त्या दिवशीच कळला होता, आणि तिचं काय चुकलं, सांगा ना, आई जाऊन तीनच वर्सं झालेली.

ह्याच घरात आले मी, एक बॅग आणि ती लोखंडी खुर्ची घेऊन. आणि हे टेबल. हे सागवानी टेबल आणि चार खुर्च्या सुनंदाताईंनी, म्हणजे ह्यांच्या पहिल्या बायकोनं, घेतलेल्या. कॉलनीतल्या एका घराची बदली झाली ते सामान विकून जात होते, त्यांच्याकडून. हात टेकायला असलेली ती ह्यांची. खिडकीकडची अश्विनीची. एक पाहुण्याची. आणि ही स्वयंपाकघराच्या दाराकडची सुनंदाताईंची, उठून पोळी आणायला बरी म्हणून. तिच्यावर जुन्या साडीची शिवलेली उशी. पहिल्या रात्री मी सगळ्यांना वाढलं, हे बोलले बस आता तू पण, मी हाताला लागली ती खुर्ची ओढली, आणि अश्विनी पटकन बोलली, ती नको. एवढंच. मंग तिलाच कसंतरी झालं, बोलली म्हणजे तुम्ही इकडे बसा ना मावशी, ही घ्या. तिनं ती पाहुण्याची खुर्ची पुढं केली.

पाहुण्याची. मी बोलले नको गं, मला स्टूलच बरं, आणि ओट्याजवळचं उंच स्टूल ओढून बसले. तीन माणसं टेबलाला, त्यात मी अशी वर, खांबावर कावळा बसल्यासारखी, ताट खाली आणि तोंड वर. हसू नका, वैशाख, जेठ, आषाढ, तीन महिने मी तशी जेवले. पाहुणी म्हणून खाली बसण्यापरीस घरातली म्हणून वर बसलेली बरी, असा माझा हट्ट. आणि अश्विनी मला मावशी पण ती कॅन्टीनवालीच मावशी बोलायची, नातं लावलेली नाय. पण एक सांगते, उद्धट कधी नाय बोलली पोरगी. रोज कामावर जाताना आईच्या त्या खुर्चीवरून एक कोरडा फडका फिरवायची, हलक्या हातानं, आणि मी रोज स्वयंपाकघरातून बघायची.

ह्यांना ते स्टूल खुपायचं. श्रावणात मला घेऊन गेले बोईसरच्या फर्निचरच्या दुकानात. तिथला माणूस हिंदीत बोलायचा, भाभीजी, पूरा सेट लीजिए, छह कुर्सी, सिंगल कुर्सी तो कोई नहीं देता, आणि पुराना सामान हम उठा लेंगे. हे एकदम खूश, बोलले बघ, सहा एकसारख्या, कुणाची कुठली हा प्रश्नच नाय. मी त्या नव्या खुर्चीवर बसून बघितलं, मऊ होती, कोपर पण बरोबर टेकलं. आणि मला दिसलं की टेंपो येतोय आणि ती उशीवाली खुर्ची उलटी करून चढवतायत आणि अश्विनी गॅलरीतून बघतीय. मी उठले, बोलले मला नाय आवडली. हे बोलले अगं काय वाईट हाय. मी बोलले मला जुन्याच पाहिजेत, एखादी कमी असेल ती शोधून लावू. असे बघायला लागले माझ्याकडं, बोलले तू तुझ्यासाठी आलीस की अश्विनीसाठी. मी बोलले ते मला पण नाय माहीत, चला.

मंग आमी शोधायला लागलो. जुन्या सामानाच्या दुकानांतून फिरलो, एक मोडकी, एक राजासारखी, एक कुठल्या हॉटेलची. मी वितीनं मोजायची. दोन विती आणि चार बोटं बसायची उंची, त्याच्यावर नाय न् खाली नाय, रंग कसला का असेना. एकसारख्या खुर्च्यांचं काय कौतुक, माणसं कुठं एकसारखी असतात, पण बसल्यावर सगळ्यांचे खांदे एका रांगेत आले पाहिजेत, नायतर एक साहेब दिसतो आणि एक नोकर. शेवटी ही वेताची मिळाली, कुठल्यातरी बंद झालेल्या ऑफिसातली, पाय मजबूत, दोन बोटं उंच. दोन बोटांचं काय, माझा मावसभाऊ सुधाकर सुतारकाम करतो माहीमला, तो कापून देईल.

आणि त्याच आठवड्यात ह्यांना बेडरूमच्या दाराआड ती लोखंडी खुर्ची सापडली, घडी करून, वरून चादर टाकून ठेवलेली. ही कुणाची, बोलले. मी सांगितलं, निलेशच्या बापानं आणलेली. वाटलं आता गप्प होतील. हे काय बोलले माहितीय, बोलले तुझी माणसं दाराआड कशाला, आणि उचलून आणली, उघडली, टेबलाच्या टोकाला लावली, बोलले निलेश आला की इथं बसेल. बॉयलरवरचा माणूस हो, दोन वाक्यं सलग बोलत नाय कधी. मी आत जाऊन कांदा चिरला, लागत नव्हता तरी.

म्हणजे सहा झाल्या. आता माझी चूक सांगते, आणि ती मी कुणावर ढकलत नाय.

गणपती आठ दिवसांवर आलेले. सुधाकर पाय कापायला आला, पॉलिशचं सामान घेऊनच आला, बोलला ताई, एक वेताची नवी दिसेल आणि चार मळक्या, सगळ्यांना एकच हात मारतो, सणाचं घर हाय. मला पटलं. अश्विनी कामावर. मी तिची उशी नीट काढून कपाटात ठेवली, तेवढी अक्कल होती मला. सुधाकर खुर्ची घासताना बोलला ताई, हिच्या पाठीच्या उजव्या दांडीवर लाल डाग हाय, जुना दिसतोय, लाकडात मुरलाय. मी जाऊन बघितलं. अंगठ्याएवढा डाग, तांबडाकाळा. मला वाटलं पानाचा हात लागलेला असेल कुणाचा, मी पानवाल्याची पोर, मला पानच दिसणार. बोलले घास चांगला, सगळं एकसारखं कर. त्यानं काचपेपर लावून घासला, पार लाकूड उजळेपर्यंत.

संध्याकाळी अश्विनी आली. दारात बूट काढताकाढता बोलली किती छान वास येतोय, आणि मंग खुर्चीपाशी गेली, आणि तिचा हात त्या दांडीवर गेला, उजव्या. हात तिथंच राहिला. बोलली इथलं कुठे गेलं. मी बोलले काय गं. बोलली कुंकू.

तिची आई रोज सकाळी देवासमोर कुंकू लावायची, आणि तसंच येऊन चहाला बसताना खुर्ची ओढायची, ओढताना बोटाला राहिलेलं कुंकू त्या दांडीला पुसायची. रोज. चौदा वर्सं. अश्विनी तिला ओरडायची लहानपणी, आई काय हे, फडक्याला पूस ना, आणि ती हसायची. ते कुंकू होतं. आणि मला कळलं नाय हो. कुठल्याही बाईला कळलं असतं, बाई बघता क्षणी बोलली असती हे कुंकवाचं बोट हाय. पण मी बावीस वर्सं करंड्याला हात लावला नव्हता. लगीन झाल्यावर पण मी टिकलीच लावायची, पाकिटातली, कुंकवाकडं हातच जायचा नाय, वाटायचं आता ह्या वयात कसलं. माझा हातच विसरला होता बोट पुसायची जागा.

ती रडली नाय, भांडली नाय. भांडली असती तर बरं. बोलली तुम्हाला माहीत नव्हतं मावशी, आणि खोलीत गेली. हे मला बोलले जाऊ दे, होईल ठीक, पण त्यांचा पण हात एकदा त्या दांडीवरून फिरलेला मी बघितला. गणपती आले, गेले. पोरगी मोदक वळायला बसली माझ्याबरोबर, काम सगळं केलं, पण बोलणं पाण्यासारखं आटलं. खुर्चीवर फडका फिरवायची ती पण बंद झाली. ते मला सगळ्यात लागलं. मी निलेशला फोनवर बोलले मी येऊ का तिकडं थोडे दिवस. तो बोलला ये, कवा पण ये, पण आई, पळून येऊ नको.

मंग पितृपक्ष लागला आणि अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी ती, त्या दिवशी तिच्या नावानं एक सवाष्ण जेवायला घालतात, तिची ओटी भरतात, साडी देतात. ह्या घरात दरवर्सी शेजारच्या पाटीलवहिनी यायच्या सवाष्ण म्हणून आणि त्या खुर्चीवर बसायच्या, वर्सातनं तेवढा एकच दिवस तिथं कोनी बसायचं. चांगल्या हायेत पाटीलवहिनी, पण श्रावणातल्या शुक्रवारी बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवलं आणि मला नाय बोलवलं. मी पण समजून घेतलं. दुसरेपणाची, आधीची विधवा, सवाष्णीत धरायची की नाय, लोकांना पण कळत नाय, त्यांचा तरी काय दोष.

मी पहाटेपासून रांधत होते. गव्हाची खीर, सुनंदाताईंना आवडायची म्हणून, ती मला येत नव्हती, ह्यांना विचारून विचारून केली. वडे, गवारीची भाजी, अळू, आमसुलाची चटणी. अश्विनीनं रजा घेतलेली. साडेअकराला पाटीलवहिनींचा फोन, गावाला भावकीत म्हातारं माणूस गेलंय, आमाला सुतक आलं, मी नाय येऊ शकत. आता काय. त्या दिवशी सवाष्ण शोधून मिळत नाय, सगळ्या कुणाकुणाकडं आधीच बांधलेल्या, उरलेल्या कामावर. ह्यांनी तिघींना फोन केला. पान वाढून तयार, कावळ्याचा घास ठेवून झालेला, खिरीवर साय धरायला लागली.

अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी, मी ओट्याशी. बोलली मावशी, साडी बदला. मी बोलले कशाला गं. बोलली तुम्ही बसा.

मी बोलले मी घरचीच, मी कशी बसू, आणि मी… पुढं बोलवेना. मी सवाष्ण हाय का, हे तोंडातून निघेना. तिनं ओळखलं. बोलली पप्पा समोर बसलेत ना, धडधाकट, मग तुम्ही कोण झालात. आईला उपाशी ठेवायचं का आज. अशी दटावून बोलली मला, पहिल्यांदा. तिच्या आवाजात राग होता आणि तो राग घरातल्या माणसावरचा होता, तो मला बरोबर कळतो.

मी साडी नेसून आले. तिनं कपाटातून उशी काढली, खुर्चीवर ठेवली, हातानं थोपटली. मी बसले. काय सांगू तुमाला, कोपरं टेबलावर टेकली आणि कळलं की बाईनं बरोबर जागा निवडलेली, इथून गॅसवरचं दूध दिसतं, नवऱ्याचं ताट दिसतं, आणि मुलीचं तोंड दिसतं. अश्विनीनं माझी टिकली काढली, आपल्या नखानं, आणि आईच्या करंड्यातलं हळदकुंकू मला लावलं. ओटी भरली. मंग ती तशीच उभी राहिली, लाल बोट पुढं धरून, काय करावं ते न कळल्यासारखी. फडका माझ्या खांद्याशीच होता, ओट्यावर. तिनं तो घेतला नाय. माझ्या मागं आली, आणि खुर्चीच्या उजव्या दांडीला बोट पुसलं.

बोलली, जेवा मावशी, खीर गार होईल.

मी जेवले आणि रडले, दोन्ही एकदम. हे मान खाली घालून जेवत होते, कॅन्टीनला जेवायचे तसे, पण खीर दुसऱ्यांदा मागून घेतली, त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा मागितलं. वाढायला मी उठायला लागले तर पोरगी बोलली बसा, आज मी वाढणार.

झाली त्याला दोन वर्सं. सुनंदाताईंचं कुंकू मी घासलं ते घासलंच, ते परत येत नाय, ती रुखरुख माझी मला राहणार. पण आता टिकल्यांचं पाकीट बंद. मी पण सकाळी देवासमोरून येते, खुर्ची ओढते, आणि बोट तिथंच जातं. अश्विनी बघते, कधी ओरडते, मावशी फडक्याला पुसा ना, आणि मी हसते. आता तिचं लगीन ठरतंय, मुलगा वैतरण्याचा, चांगला वाटतो. त्याच्यासाठी सातवी खुर्ची बघायला हवी, दोन विती आणि चार बोटं, रंग कसला पण चालेल. देव तिचं भलं करो, तिथं गेल्यावर तिला कोनी पाहुण्याच्या खुर्चीवर न बसवो.

चला, बोलता बोलता दीड वाजला, भात निवला. हात धुवा आणि बसा. वेताची घ्या, निलेशची घ्या, कुठली पण घ्या. ती स्वयंपाकघराकडची तेवढी राहू द्या, तिच्या पाठीला कुंकू हाय, तुमच्या कपड्यांना लागेल. आणि खरं सांगू का, ती माझी हाय.